वर्सोव्याच्या वाळूवरचा देवमासा

कऱ्हाडला मुलींच्या शाळेत मी चित्रकला आणि शिवण हे दोन विषय शिकवते, आणि दोन्ही मला उत्तम येतात असा वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझा समज होता. वर्सोव्याला जाऊन आले आणि त्यातला एक समज साफ गेला. दुसरा थोडाफार शिल्लक आहे. मुंबईहून परतलेली माणसं चौपाटीबद्दल सांगतात, नट-नट्यांच्या बंगल्यांबद्दल सांगतात. मी दहा-बारा दिवस राहून आले ते मुख्यतः कचरा बघून. परत आल्यावर शिक्षकखोलीत सगळ्यांनी चौकशी केली तेव्हा मी जे वर्णन केलं, ते ऐकून मुख्याध्यापिकाबाईंनी माझं अभिनंदन केलं. ते वर्णन खोटं नव्हतं, पण मधला बराच भाग मी गाळला होता. तो इथे लिहिते.

बोलावणं विभाचं होतं. कोल्हापूरला आम्ही दोघी चित्रकलेच्या एकाच वर्गात होतो. पुढे ती लग्न होऊन अंधेरीला गेली आणि जाहिरातींची चित्रं काढू लागली. तिने पत्रात लिहिलं होतं, “समुद्रात कचरा वाढत चाललाय. शास्त्रज्ञ त्याचे अहवाल लिहितात, ते कुणी वाचत नाही. आपण चित्रं काढतो, ती कुणी विकत घेत नाही. दोघांना एका किनाऱ्यावर बसवायचं ठरवलंय. तू ये, कारणं सांगू नकोस.”

समुद्र मी त्याआधी एकदाच पाहिला होता, रत्नागिरीला, शाळेच्या सहलीबरोबर. तेव्हा सगळा वेळ मुली मोजण्यात गेला, त्यामुळे पाहिला म्हणणंही धाडसाचंच. पण समुद्राची चित्रं मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. डोंगर, मधे सूर्य, खाली होडी. त्या अनुभवावर मी पत्राला होकार कळवला आणि रजेच्या अर्जात ‘शास्त्रीय शिबिर’ असं लिहिलं.

तारखा आता मला आठवत नाहीत, तिथी मात्र पाठ आहेत. तिथींनीच आमची फजिती केली.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

विभाच्या घरून चालत निघालं की थोड्या वेळात वर्सोव्याचा कोळीवाडा लागतो. आधी वास येतो, मग बांबूंचे उंच मांडव दिसतात. त्यांना वलांडी म्हणतात. त्यांवर बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून वाळत टाकलेले असतात. दुरून मला ते पांढरे मोजे वाटले. आमच्याकडे नदीकाठी धुणं वाळत घालतात तसं इथेही असेल, असा मी अंदाज केला आणि तो मोठ्याने बोलूनही दाखवला. विभा म्हणाली, “सुमे, आज पहिला दिवस आहे. जरा कमी बोल.”

किनाऱ्यावर आम्ही पंधराएक चित्रकार-शिल्पकार जमलो होतो. शास्त्रज्ञांच्या बाजूने चारजण येणार होते, आले एकटे डॉ. राणे. चाळिशीचे, सडपातळ, हातात ताणकाटा. परळच्या चाळीत वाढलेले, वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडचं. आता जोगेश्वरीला राहत होते आणि समुद्रात काय काय तरंगतं यावर बारा वर्षं काम करत होते. त्यांनी आम्हाला फार थोडक्यात सांगितलं: किनाऱ्याचा अमुक इतका पट्टा आखायचा, त्यातली प्रत्येक वस्तू उचलायची, प्रकाराप्रमाणे वेगळी करायची, तोलायची, लिहायची. त्यानंतर कलावंतांनी तिचं काय हवं ते करावं.

इतका कचरा मी जन्मात पाहिला नव्हता. आमच्या घरी प्लॅस्टिकची पिशवी आली तर आई अजून ती धुऊन, उलटी करून दोरीवर वाळत घालते. पाहुण्यांना बरोबर काही द्यायचं झालं तर आधी पिशवी परत आणाल ना, हे विचारून घेते. इथे तशा पिशव्या वाळूत गुडघाभर रुतलेल्या होत्या. रबरी चपला, दुधाच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्या, बाहुलीचा एक पाय, डांबराचे काळे चिकट गोळे. एकाच पायाच्या इतक्या चपला कशा, असं मी विचारलं. राणे म्हणाले, दुसऱ्या पायाच्या दुसऱ्या किनाऱ्याला लागतात, प्रवाह त्यांना वेगळं करतो. मला ते अतिशय काव्यमय वाटलं. मी तसं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं.

दुपारपर्यंत राण्यांनी सहा ढीग केले होते: रबर, प्लॅस्टिक, काच, कापड, पत्रा, इतर. आम्ही जेवून आलो आणि कुणीतरी सुचवलं म्हणून सगळं पुन्हा लावलं: लाल, निळं, पिवळं, पांढरं. दिसायला फार सुंदर झालं होतं. राणे चहा पिऊन परत आले, सहाऐवजी चार ढिगांसमोर उभे राहिले. मग त्यांनी वही उघडून पानावर आडवी रेघ मारली. त्या संध्याकाळी शास्त्र आणि कला यांचं बोलणं बंद झालं. शिबिराचा पहिला दिवस पूर्ण झाला.

अष्टमी

कचऱ्याचा एक प्रचंड देवमासा करायचा, असं ठरलं. बांबूंचा सांगाडा, आत कचरा ठासून भरायचा, वरून चपला आणि बाटल्यांचे खवले, त्यांवर झगझगीत तैलरंग. पौर्णिमेला सकाळी एक मोठे अधिकारी उद्घाटनाला येणार होते. राण्यांनी अजून न तोललेली चप्पल रंगवायला हरकत घेतली, कारण रंगाने वजन बदलतं. तेव्हा एका शिल्पकाराने त्यांना रंगाचं वजन वजा करायला सांगितलं. त्यानंतर राणे एकटे लांब जाऊन बसू लागले. रोज संध्याकाळी दिवसाचा अहवाल टाइप करून विभाच्या हातात देत, विभा तो पिशवीत ठेवत असे.

माझ्याकडे देवमाशाचं शेपूट आलं. शेपूट म्हणजे काहीतरी तरल, झिरझिरीत हवं, असं माझं मत पडलं. शोधता शोधता वलांड्यांच्या पलीकडे मला वाळूवर पडलेल्या जाळ्याचा करडा ढीग दिसला. त्याला शेवाळ लागलेलं, वास येत होता, शेजारीच कचरा. आत माशांऐवजी काड्याकुड्या अडकलेल्या. टाकून दिलेलं जाळं, असं मी धरून चालले. माझ्याजवळ शिवणाची मिरजेची कात्री होती. जाळ्याच्या निमुळत्या टोकाकडची वीण अगदी बारीक, रेशमासारखी होती. तिथला लुगड्याच्या पदराएवढा तुकडा मी कापून आणला. नायलॉन कापताना कात्री बोथट होते, याचंच मला वाईट वाटत होतं.

तासाभराने एक बाई आल्या. कासोटा घातलेलं हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, साठीच्या असतील. त्यांनी देवमाशाला एक फेरी मारली, शेपटापाशी थांबल्या आणि तो तुकडा दोन बोटांत धरून पाहिला. नंतर माझ्या शेजारी वाळूतच बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ह्यो तुकडा कुटशी आनलास गो बाय?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना जागा सांगितली, आणि फेकलेल्या वस्तूंतून सौंदर्य कसं निर्माण करता येतं, हेही सांगितलं. ते मी पहिल्या दिवशीच्या भाषणातून उचललं होतं.

“फेकलेला नाय तो,” त्या म्हणाल्या. “भांग हाय म्हनून सुकत घातलेला.”

त्यांचं नाव चांगुणाबाई. त्यांचे यजमान मोतीराम, कोळीवाड्यात त्यांना नाखवा म्हणत, म्हणजे होडीचे मालक. भांग म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मंद असते, पाण्याला ओढ नसते. या लोकांची डोल जाळी भर समुद्रात खुंटांना तोंड उघडं ठेवून बांधलेली असतात. पाण्याच्या ओढीने मासा आपोआप आत शिरतो. ओढ नाही तर मासा नाही, म्हणून त्या चार दिवसांत जाळी किनाऱ्यावर आणून वाळवतात, डागडुजी करतात. एकादशीपासून पाणी चढतं आणि पौर्णिमेपर्यंत उधाणाचे दिवस. घर चालायचं ते त्या दिवसांवर. मी जे कापलं होतं ते जाळ्याचं शेपूट होतं, जिथे सगळा मासा गोळा होतो तेच.

मी भरपाई देऊ केली. नाखवा घराच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी हाताने नको म्हटलं. त्यांचं म्हणणं, पैसा जाळ्यात मासा धरत नाही आणि विणायला घरात दोनच हात मोकळे आहेत, तेही म्हातारीचे. एकादशीला होडी काढायची आहे. चांगुणाबाईंनी माझ्याकडे, मग माझ्या कात्रीकडे पाहिलं.

“उद्या सकाली ये,” त्या म्हणाल्या. “विनून दे.”

नवमी आणि दशमी

शिवणाची शिक्षिका म्हणून मी जरा आत्मविश्वासानेच गेले. जाळं विणायची सुई बांबूची असते, चपटी, वीतभर. बोटावर पट्टी धरून तिच्याभोवती दोरा फिरवायचा, गाठ मारायची, पट्टी सरकवायची. चांगुणाबाई बोलत बोलत, न बघता विणत होत्या. मी श्वास रोखून एक ओळ विणली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती दोन्ही हातांनी ताणली. माझ्या सगळ्या गाठी आज्ञाधारकपणे सरकून एका टोकाला गोळा झाल्या. त्यांनी ओळ उसवून दोरा परत माझ्या हातात दिला. असं दुपारपर्यंत चाललं. वर्गात मी मुलींचे टाके उसवायला लावते तेव्हा एक लहानसं भाषणही करते. ते यापुढे करणार नाही.

संध्याकाळपर्यंत माझी गाठ बसू लागली. बोटांना चिरा पडल्या होत्या. मग आम्ही बोलू लागलो, म्हणजे त्या बोलत होत्या. त्यांच्या लग्नाच्या वेळी जाळी सुताची होती, सासरा स्वतः सूत वळायचा. तेव्हा जाळ्यात कचरा म्हणजे शेवाळ आणि पालापाचोळा. आता पिशव्या येतात. त्या जाळ्याला आतून चिकटल्या की पाणी आरपार जात नाही, जाळं फुगतं आणि उधाणाच्या ओढीला टरकन फाटतं. मी गेले त्या वर्षी त्यांचं तीनदा फाटलं होतं. माझं मोजलं तर चारदा.

दशमीला सकाळी राणे तिकडून चालले होते. चित्रकारांकडे त्यांना जायचं नव्हतं, म्हणून ते आमच्या अंगणात टेकले. ऐकता ऐकता त्यांनी वही काढली. पिशव्या भरतीला येतात की ओहोटीला, असं त्यांनी विचारलं. नाखवांनी लगेच सांगितलं: ओहोटीला खाडीतून पिशव्या आणि दुधाची पाकिटं, भरतीला बाहेरून डांबराचे गोळे आणि बाटल्या, आणि वारा उत्तरेचा असला की खाडीपलीकडे मढच्या बाजूच्या जाळ्यांत जास्त. राणे लिहायचे थांबले. हे शोधायला त्यांना बारा वर्षं होडी मिळत नव्हती. त्यांचा अर्ज प्रत्येक वेळी कुठल्यातरी टेबलावर राहत होता. त्यांनी विचारलं, रोज काय येतं याची कुणी नोंद ठेवेल का? नाखवा म्हणाले, लिहिता कुणाला येतं? आणि हात माशात असताना पेन धरणार कोण?

तेव्हा मी विणता विणता म्हणाले, “चित्रं काढून दिली तर? त्यांनी फक्त कोळशाची रेघ ओढायची.”

राण्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे काळजीशिवाय पाहिलं.

विभाकडच्या ड्रॉइंग पेपरवर मी रात्रीतून तक्ता केला आणि मन लावून केला. प्लॅस्टिकच्या पिशवीवर तर मी अशी छटा दिली होती की पाण्यातला उजेड तिच्यातून जातोय असं वाटावं. एकादशीला पहाटे, होडी निघायच्या आधी, तो चांगुणाबाईंना दाखवला. पिशवीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, हा जेलीफिश लय बरा काढलायस. चपलेला त्यांनी बांगडा म्हटलं. राण्यांनी वर चढणारा बाण पाहून ही भरती का, असं विचारलं. नाखवांनी तोच बाण पाहून ही ओहोटी का, असं विचारलं. मी म्हटलं, समुद्र वर आहे आणि किनारा खाली, चित्रात असाच काढतात.

नाखवांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि उलटा फिरवला.

“तू दर्या घराकरशी बगतेस,” ते म्हणाले. “आमी घर दर्याकरशी बगताव.”

मी दुसरा कागद घेतला. पिशवी नुसत्या चार रेघांची काढली, चपलेला पट्टे काढले, जमीन वर आणि समुद्र खाली केला. राण्यांनी खुंटांच्या जागा सांगितल्या, नाखवांनी त्या तीन ठिकाणी दुरुस्त केल्या, राण्यांनी निमूटपणे खोडून नव्या लिहिल्या. मी काढलेलं इतकं कुरूप चित्र मला आठवत नाही. ते पाहून चांगुणाबाईंनी प्रत्येक वस्तूचं नाव धडाधड सांगितलं.

एकादशी

होडी वेळेवर निघाली. जाळ्याच्या शेपटात तीन हिस्से चांगुणाबाईंचे होते आणि एक माझा. दुपारी त्यांनी मला जेवायला ठेवून घेतलं: तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलाचं कालवण. आम्हा घाटावरच्या माणसांना मासा म्हटलं की काट्याची धास्ती. मी एकेक काटा बोटांनी शोधून ताटाच्या कडेला रांगेत मांडत होते. बऱ्याच वेळाने मान वर केली तर घरातल्या सगळ्या बायका जेवण संपवून माझ्यासमोर बसल्या होत्या. बोंबलाचा काटा मऊ असतो, तो माशाबरोबर खातात. हे त्यांना मला मधेच सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण असं काही त्यांनी आधी पाहिलं नव्हतं.

इकडे देवमासा पूर्ण होत आला होता. दोन बैलगाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात एवढा लांब, लाल-पिवळा, डोळ्यांच्या जागी हिरव्या बाटल्या. शेपूट शेवटी गोणपाटाचं केलं. चतुर्दशीला दुपारी भरतीचं पाणी त्याच्या पोटाखालून फिरून गेलं. सगळ्यांना ते दृश्य विलक्षण वाटलं. आम्ही फोटो काढले. माझ्याही एका फोटोत मी हसते आहे.

पौर्णिमा

सकाळी मी आणि विभा फुलांचे हार घेऊन पोचलो. देवमासा तिथे नव्हता. त्याच्या जागी सपाट ओली वाळू होती, आणि तिच्यावर एक हिरवी बाटली. थंडीच्या दिवसांत पौर्णिमेच्या सुमाराला रात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा कितीतरी वर चढते, हे आम्हा सोळाजणांपैकी एकालाच माहीत होतं. राणे म्हणाले, मी लिहिलं होतं. विभाने पिशवीतून अहवाल काढला. एकादशीच्या अहवालात, तिसऱ्या पानाच्या तळाशी, देवमासा हलवावा अन्यथा चतुर्दशीच्या रात्री तो जाईल, असं टाइप केलेलं होतं. शास्त्रज्ञांचे अहवाल कुणी वाचत नाही, असं पत्रात विभानेच लिहिलं होतं; तिने तो घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवला.

मी धावत नाखवांकडे गेले. त्यांनाही माहीत होतं, सगळ्या कोळीवाड्याला माहीत होतं. मग सांगितलं का नाही, असं मी जवळजवळ भांडले.

“आमाला वाटला,” नाखवा शांतपणे म्हणाले, “तुमी त्याला दर्यान सोरालाच केलाव. गनपती सोरतात तसा.”

तेवढ्यात अधिकाऱ्यांची गाडी आली. ते उतरले, लांबवर पसरलेली स्वच्छ, चमकती वाळू त्यांनी पाहिली आणि हात जोडले. आठ दिवसांत कलावंतांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून किनाऱ्याचा असा कायापालट केला, याचा आदर्श इतर उपनगरांनीही घ्यावा, असं ते दहा मिनिटं बोलले. विभाने त्यांना हार घातला. मी समई लावली. शिक्षकखोलीत मी सांगितलेलं वर्णन इथे संपतं.

प्रतिपदा आणि पुढे

दुसऱ्या दिवशी होड्या परत आल्या तेव्हा चांगुणाबाईंनी मला निरोप पाठवला. त्यांच्या अंगणात जाळं पसरलेलं होतं आणि त्यात आमचा देवमासा होता, तुकड्या-तुकड्यांत. लाल चपला, पिवळ्या बाटल्या, बांबू. माशांच्या पाट्या जवळजवळ रिकाम्या होत्या. त्या दिवशी नऊ घरांच्या जाळ्यांत हेच आलं. आठ दिवस आम्ही जे उचललं होतं ते चांगलं घट्ट बांधून, रंगवून पुन्हा समुद्रात घातलं होतं. जाळं फाटलं होतं. माझ्या विणीत नाही, शेजारी. याचा मला क्षणभर आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते.

चांगुणाबाई या वेळी रागावल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण कोळीवाड्यातल्या बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

“तुमी आलाव, खेललाव, जाल,” त्या म्हणाल्या. “आमचे उधानाचे दिस परत कोन आननार?”

विभा, शिल्पकार, सगळे खाली बसलो आणि जाळ्यांतला कचरा सोडवू लागलो. राणेही बसले. अर्ध्या तासाने त्यांचे हात थांबले. एक लाल चप्पल ते उलटसुलट करून पाहत होते. मग ते उठून प्रत्येक घरापुढे गेले आणि कोणाचं जाळं कुठल्या खुंटावर होतं, ते विचारू लागले. मला वाटलं त्यांच्या मनावर परिणाम झाला. परत आले ते मालवणी बोलत. घाईत असले की तसंच होत असावं.

“बाई, ह्यो रंग बघा. आमका दिसता ह्या खयसून इला ता.” मग सावरून त्यांनी मला समजावलं. समुद्रात सापडलेली चप्पल कुठून निघाली हे कधीच सांगता येत नाही. या चपला मात्र कुठून, कोणत्या भरतीला निघाल्या, हे नक्की माहीत होतं, आणि त्या दुरूनही ओळखू येत होत्या. असा प्रयोग करायला परवानगी मागितली असती तर कुणी जन्मात दिली नसती, आणि देऊही नये.

उरलेल्या दोन दिवसांत मी तो कुरूप तक्ता कार्बन लावून हाताने किती वेळा काढला, ते माझ्या मनगटाला ठाऊक. लाल-पिवळ्या वस्तूंसाठी एक वेगळं घर वाढवलं. राणे आणि मी तरीच्या होडीतून खाडीपलीकडे मढला गेलो, तिथून पुढे चालत. चांगुणाबाई आमच्याबरोबर आल्या. आम्ही दोघंच गेलो असतो तर कुणी दारात उभं केलं नसतं. त्यांनी प्रत्येक घरी आधी आमची फजिती सविस्तर सांगितली, माझ्या काट्यांच्या रांगेसकट, आणि सगळे हसून झाल्यावर मग तक्ता पुढे केला. विज्ञानाचा प्रसार इतक्या वेगाने झालेला राण्यांनी पाहिला नव्हता.

नाखवांचं जाळं दुरुस्त करायला या वेळी आम्ही सहाजण बसलो. निघायच्या दिवशी दुपारी ते होडीत चढवलं.

कऱ्हाड

फाल्गुनात राण्यांचं पत्र आलं. तक्ते सगळ्यांनीच भरले नव्हते. काहींनी त्यात सुके बोंबील बांधले होते. पण जे परत आले त्यांवरून दिसत होतं की रंगवलेल्या वस्तू फार लांब गेल्याच नाहीत. ओहोटीबरोबर बाहेर जायच्या, भरतीबरोबर खाडीच्या तोंडाशी यायच्या, आणि तिथेच फिरत राहायच्या. आपण टाकलेलं दूर कुठेतरी जातं, ही आपली समजूत आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. ते तक्ते पाहून, अहवाल न वाचणाऱ्या एका साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. पूर्वी जाळ्यातला कचरा कोळी पुन्हा पाण्यात टाकत, कारण किनाऱ्यावर आणून करायचं काय? आता वर्सोव्याला तो उचलायला महापालिकेची गाडी येते. कधी येते, कधी येत नाही. आली नाही की चांगुणाबाई स्वतः कचेरीत जाऊन बसतात.

हे पत्र मी सातवीच्या वर्गात वाचून दाखवलं. समुद्राचा धडा आता मी वेगळा घेते, डोंगर आणि सूर्य नाही. बोलता बोलता मी मुलींना सांगितलं की आपणही जबाबदार आहोत. कृष्णेच्या पुलावरून फाटक्या पिशवीत बांधून निर्माल्य टाकतो, मी स्वतः वीस वर्षं टाकत आले आहे. ती पिशवी वाहत वाहत शेवटी त्या चांगुणाबाईंच्या जाळ्यातच जाते.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. भूगोलात तिला नेहमी चांगले गुण असतात.

“बाई, कृष्णा तिकडे जात नाही. ती पूर्वेला जाते. आंध्रात. दुसऱ्या समुद्राला मिळते.”

मी नकाशाकडे वळून पाहिलं. तिचं बरोबर होतं. आमच्या उशाशी डोंगर आहे, डोंगरापलीकडे चांगुणाबाईंचा समुद्र आहे, आणि आमची नदी त्याला पाठ करून देशभर चालत जाते. म्हणजे वीस वर्षांच्या माझ्या पिशव्या जिथे गेल्या त्या किनाऱ्याचं मला नावही ठाऊक नव्हतं. तिथेही कुणी बाई अंगणात जाळं पसरून बसत असेल, आणि तिची भाषा मला येत नाही. तिने मला समोर बसवून हातात सुई दिली असती, तर निदान विणून तरी दिलं असतं.

मी त्या मुलीला पुढे बोलावलं आणि ती नदी समुद्राला नेमकी कुठे मिळते ते बोटाने दाखवायला सांगितलं. ती स्टुलावर चढली, आणि आम्ही सगळ्या तिच्या बोटामागून पूर्वेला बघत राहिलो.